फ्रान्सिसची मान

फ्रान्सिस गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात औषधांची खोकी उघडत होतो. हार्ट अटॅक, घरीच, चहा पिताना. त्याला आता दीड महिना झाला. अंधेरीच्या आमच्या गावठाणात त्याचं शिवणकामाचं दुकान आणि समोर माझं केमिस्टचं. मधे जेमतेम एक रिक्षा जाईल एवढा रस्ता. चर्चच्या सणाला अख्ख्या गावठाणाचे कपडे त्याच्याकडे पडायचे आणि आदल्या दिवसापर्यंत एकाचेही तयार नसायचे. कुणी ओरडायला आला की तो माझ्याकडे बोट दाखवायचा, "आधी त्याच्याकडून बीपीची गोळी घे, मग बोल."

त्याला ॲसिडिटीचा त्रास होता. कुठल्याशा डॉक्टरनं पंधरा दिवसांसाठी एक कॅप्सूल लिहून दिली. बरं वाटलं म्हणून तो घेत राहिला आणि मी देत राहिलो... तीन वर्षं. चिठ्ठी मी पुन्हा मागितली नाही. मित्राकडे कसली चिठ्ठी मागायची, असं मला वाटायचं.

मग त्याची मान मागे खेचली जायला लागली. कापड बेतायला वाकला की डोकं आपोआप वर, नजर पंख्याकडे. जन्मभर वाकून शिवलं, मणका झिजला असणार, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. पट्टा झाला, मालिश झालं. एका डॉक्टरनं सांगितलं, हा डिस्टोनिया, स्नायू आपले आपणच ओढले जाण्याचा आजार, काहींना आपोआप होतो, कारण सापडत नाही. त्या वर्षी त्यानं सणाचे कपडे घेतलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं.

शेवटी मीच त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई होत्या, घाई अजिबात नाही. घरात आणखी कुणाला असं आहे का, त्यांनी विचारलं. मग हनुवटीला बोट लावून बघायला सांगितलं. आपोआप होणाऱ्या प्रकारात मान बहुतेकदा एका बाजूला वळते आणि अशा स्पर्शानं पुष्कळांची थोडा वेळ स्थिरावते. याची सरळ मागे जात होती आणि बोटानं काही फरक पडत नव्हता.

"एवढ्यावरून नक्की सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण औषधांमुळेही असं होतं. काय काय घेता?"

"काहीच नाही," फ्रान्सिस म्हणाला. मीही 'काही नाही' म्हणालो. तीस वर्षं औषधं विकणारा माणूस मी.

"पोटासाठी? उलटी, चक्कर, झोप?"

"गॅसची गोळी घेतो ना. ती काय औषध आहे?" त्यानं शर्टाच्या खिशातून स्ट्रिप काढली.

त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली. त्या कॅप्सूलमध्ये ॲसिडिटीच्या औषधाबरोबर लिव्होसल्पिराइड होतं. ते मेंदूवरही काम करतं आणि फार दिवस घेतलं तर मान अशी खेचली जाऊ शकते. हे मला ठाऊक असायला हवं होतं. ती अक्षरं रोज माझ्या हातात होती.

"चिठ्ठीशिवाय कोण देतं ही?"

फ्रान्सिसनं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

"स्टेशनजवळ घेतो, मॅडम. दुकानाचं नाव लक्षात नाही."

परतताना रिक्षात मी विचारलं, "खोटं कशाला बोललास?"

"पक्या, तुझं दुकान बंद झालं तर मी टाइमपासला कुठे बसू रे?"

मी माफी मागितली नाही. लाज होती, त्याहून जास्त भीती होती. गोळी बंद झाली, मानेत दर तीन-चार महिन्यांनी इंजेक्शनं सुरू झाली. ओढ बरीच कमी झाली, पूर्ण कधी गेली नाही. सणाचे कपडे त्यानं पुन्हा घेतले, पण निम्मेच. रोज चार वाजता माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि मी रोज दुसरंच काहीतरी बोलायचो.

तो गेल्याला महिना झाल्यावर चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली, त्यानंतर मी त्याच्या बायकोकडे, मेरीवहिनींकडे गेलो आणि सांगून टाकलं, ती कॅप्सूल स्टेशनजवळची नव्हती, माझ्या काउंटरवरची होती. त्यांनी फ्रान्सिसच्या शिवणाच्या मशीनचा खण ओढला. आत बटणं, हुक, चेनी, सगळं माझ्या दुकानाचा शिक्का असलेल्या कागदी पाकिटांत नीट भरलेलं. प्रत्येकावर माझंच अक्षर : रोज सकाळी एक, नाश्त्याआधी.

"मला माहीत होतं, दादा," त्या म्हणाल्या. "ते बोलले होते, 'तू काही विचारू नकोस त्याला. पक्या सांगेल मला स्वतःहून.'"