गाडी उजवीकडे ओढते, सर

आमच्या गाडीत दोष असा एकच होता: अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की ती उजवीकडे जायची. (उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या तांदळाच्या ट्रककडे.) बाकी गाडी उत्तम. रंग लाल, एसी थंडगार, आणि मागच्या काचेवर पहिल्या मालकाने चिकटवलेला पळता चित्ता.

मी वडशाला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यामुळे जुनी गाडी घेताना कुणाला विचारावं असं मला वाटलंच नाही. टर्बो इंजिन, सगळा जोर पुढच्या चाकांना, त्यातून पहिल्या मालकाने कुठून तरी सॉफ्टवेअर टाकून तो जोर आणखी वाढवलेला. मी व्हिडिओ पाहून पाहून इतका तयार झालो होतो की गाडी विकणाऱ्यालाच मी दोन गोष्टी समजावून सांगितल्या. तो बिचारा मान डोलवत होता. आता कळतं, काऊन डोलवत होता ते.

पहिल्याच दिवशी कुरखेडा रोडवर एका ट्रॅक्टरला मागे टाकायला मी पाय दाबला. टर्बो जागा झाला आणि स्टिअरिंग हातातून हिसका मारून निघालं ते थेट पलीकडच्या सागाच्या झाडांकडे. कशीबशी गाडी सावरली. बाजूला बसलेली माझी बायको प्रतिभा शांतपणे म्हणाली, "आपण कोणाकडे जाऊन राह्यलो?"

मी तिला तिथेच गाडी थांबवून समजावून सांगितलं. याला टॉर्क स्टिअर म्हणतात. इंजिनापासून दोन चाकांकडे जाणारे दांडे लहान-मोठे असतात, मग एकदम जोर आला की तो दोन्ही चाकांना सारखा पोचत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते. डॅशबोर्डवरच्या धुळीत आकृतीही काढली. हा दोष नाही, ताकदीचा गुणधर्म आहे, असंही वर सांगितलं. तिने आकृती नीट पाहिली आणि रुमालाने पुसून टाकली.

आता खरी अडचण सांगतो. प्रतिभा नर्स आहे. तिची बदली कुरखेड्याच्याही पुढच्या एका गावातल्या उपकेंद्रावर झाली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं. तिथे एसटी दिवसातून एकदा जाते, आणि परत येताना थांबायचा मूड असला तर थांबते. स्कूटीने जायचं तर मधे जंगलाचा पट्टा, आणि रोज वाघाला हजेरी द्यायची कुणाचीच तयारी नव्हती. गाडी घेतली होती ती याचसाठी. प्रतिभाकडे लायसन होतं, तिने भावाच्या गाडीवर हात बसवलेला होता. पण चावी कोण देतो! ही टर्बो आहे, हिला मनगट लागतं, आधी मी हिला सरळ करतो, मग तू चालव, असं मी ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे. पण एक तारखेपर्यंत झालं नाही तर मी यशूला घेऊन तिकडे क्वार्टरवर राहायला जाते. यशू म्हणजे आमची सात वर्षांची लेक.

मी कामाला लागलो. पहिला उपाय शास्त्रीय होता. गाडी उजवीकडे जाते, म्हणजे डावीकडे वजन पाहिजे. मी तांदळाचं भरलेलं पोतं डाव्या बाजूच्या पुढच्या सीटवर बसवलं. गाडी पीं पीं करायला लागली म्हणून पोत्याला सीटबेल्टही लावला. त्या आठवड्यात अख्ख्या वडशाने पाहिलं की सरांच्या शेजारी पोतं बसतं आणि बायको मागे बसते. कॉलेजात एका मुलाने फार आदराने विचारलं, "सर, पाहुणे कोण आहेत?" शेवटी रेल्वे फाटक ओलांडून मी पाय दाबला, गाडी नेहमीसारखी उजवीकडे गेली आणि पोतं बेल्टमधून निसटून फुटलं. आजही एसी पहिल्यांदा लावला की एखादा दाणा तोंडावर येतो.

दुसरा उपाय जास्त सोपा होता. पाय दाबायच्या आधीच मी हात डावीकडे ओढून धरायला लागलो. ती उजवीकडे, मी डावीकडे, दोघांची बेरीज सरळ. पंधरा दिवसांत हे इतकं अंगात मुरलं की कॉलेजात फळा पुसतानाही माझा हात डावीकडे जायचा. मला वाटलं, जमलं! घरी येऊन पाहतो तर एक तारीख जवळ आली म्हणून यशू आपल्या चित्रांच्या वह्या पिशवीत भरत होती. म्हणाली, "बाबा, तुमचं चित्र मी इथीच ठेवते, तुम्हाले लागंल." मी तसाच गाडी घेऊन रहीमचाचांकडे गेलो.

रहीमचाचा म्हणजे वडशातले जुने मिस्त्री. गाडीच्या पुढच्या भागात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मी त्यांनाही दांड्यांची आकृती काढून दाखवायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, मग खाली वाकून हाताने चाक हलवलं. दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं. पुढचे दोन टायर दोन जातीचे, एक नवा आणि एक टक्कल पडलेला. हवा एकात कमी, एकात जास्त. खालच्या आर्मचे रबरी बुश फाटलेले, त्यामुळे जोर आला की चाकच तिरकं होत होतं. अलाइनमेंट तर पहिल्या मालकासोबतच गेलेली.

"सर, दांडे तं कंपनीनंच लहान-मोठे देल्ले, त्याले आपण काही करू शकत नाई," चाचा म्हणाले. "बाकीचं करून देतो. सॉफ्टवेअर बी काढून टाका, बेकारच हाय. अन् एक सांगू? पाय थोडा हळू ठेवत जा."

पायाचं वाक्य मी ऐकलं नाही. गाडी दोन दिवस त्यांच्याकडे ठेवली. परत मिळाली तेव्हा सोबत कामाची चिठ्ठी होती, ती मी न वाचता समोरच्या कप्प्यात कोंबली. (मुलांना प्रश्नपत्रिका पूर्ण वाचा म्हणून मी वीस वर्षं ओरडतो आहे.)

तारीख तीस, रविवार. गाडी सरळ झाल्याचं प्रात्यक्षिक मी सासरवाडीला, आमगावच्या वाटेवरच्या खेड्यात, ठेवलं. सासरे, म्हणजे मामाजी, अंगणात बाजेवर बसले होते. जयभीम झाला, चहा झाला. यशूला मी मामाजींजवळ बसवलं, प्रतिभाला गाडीत घेतलं आणि घरासमोरच्या सरळसोट रस्त्यावर गाडी उभी केली. म्हटलं, "आता पाय दाबतो. बघ कशी सरळ जाते."

पाय दाबला. गाडी खरोखर सरळ निघाली. चाचांनी काम चोख केलं होतं. पण माझ्या हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं! त्यांनी सवयीप्रमाणे स्टिअरिंग डावीकडे ओढलं. डावीकडे मामाजींनी यंदाच्या धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, रचून ठेवली होती, घराएवढी. आम्ही तिच्यात शिरलो ते चित्त्यापर्यंत शिरलो. आत अंधार झाला. वरून तणसीच्या पेंढ्या टपावर पडत राहिल्या. कुणाला खरचटलंही नाही, आणि त्या तणसीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

थोड्या वेळाने बाहेरून मामाजींचा आवाज आला. "जावईबापू, तणीस घरी न्याची होती तं सांगतलं असतं. बंडीत भरून देल्ली असती."

मी काहीतरी शास्त्रीय बोलणार होतो, पण तोंडात काडी गेली होती. प्रतिभाने हात पुढे केला. "द्या चावी," ती म्हणाली. आम्ही आतल्या आत जागा बदलली. तिने रिव्हर्स टाकला, हळूच गाडी बाहेर काढली, आणि बॉनेटवर तणीस तशीच असताना गावाच्या टोकापर्यंत जाऊन आली. मधे पायही दाबला, पण असा, की झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं. गाडी दोरीत गेल्यासारखी गेली.

"तुला कशी जमली?" मी विचारलं.

"चाचांनी मले ट्रायल घ्याले लावली होती. तुम्ही कॉलेजात होते तवा. त्यायले खालून आवाज आयकाचा होता."

"पार्ट बदलल्यावर ना?"

"नाई," ती म्हणाली. "आंधी."

तणसीतून निघालेल्या माणसाने फार प्रश्न विचारू नयेत.

सोमवारी ती उपकेंद्रावर निघाली. मी कॉलेजातून एका दिवसाची सुट्टी टाकून बाजूला बसलो, संरक्षणासाठी. (कुणाच्या, ते विचारू नका.) जंगल आलं, गेलं. मोहाची झाडं, एक मोर, समोरून दोन ट्रक. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर हलके ठेवले होते आणि कुठलंतरी गाणं गुणगुणत होती. मागच्या सीटवर यशूने काल गाडीत ठेवलेली पिशवी होती, वह्या परत घरी न्यायच्या राहिल्या होत्या. रोज संध्याकाळी ही परत येणार, यशू घरात असणार, आणि मी भाजी चिरत हिची वाट पाहणार. हे सगळं मी एका चावीपायी घालवायला निघालो होतो. प्रतिभाचे आभार मानावेत असं वाटलं, पण ती म्हणाली, "काही बोलू नका, पुढी वळण हाय."

करायला काही नव्हतं म्हणून मी समोरचा कप्पा उघडला. चाचांची चिठ्ठी निघाली. एक, दोन्ही टायर सारखे. दोन, हवा. तीन, बुश. चार, अलाइनमेंट. चारही कामांसमोर बरोबरची खूण होती. खाली पाचवं काम लिहिलं होतं आणि त्यासमोरची जागा रिकामी होती: "ड्रायव्हर बदलून पाहणे."

मी खिशातून पेपर तपासायचा लाल पेन काढला आणि पाचव्यासमोर बरोबरची खूण केली.