अक्काच्या तळपायाखालची भुई

सई, ओजस — तुमचे बाबा म्हणतील, "आईचं वय झालंय." म्हणून डोकं ठिकाणावर आहे तोवरच लिहून ठेवते. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. अंगात येणं, भानामती... यातलं काही कधी मानलं नाही. आजही मानत नाही.

मलकापूरच्या अलीकडे माळावरच्या घरात तुमची अक्काआजी राहते, माझी थोरली जाऊ. "भुई शहारती, पायाला कळतंय," असं ती कित्येक वर्षं सांगायची. डॉक्टरकडे तिला मीच नेलं, भासांवरच्या गोळ्या सुरू केल्या. गेल्या उन्हाळ्यात तिच्या मुलानं, सुभाषनं, तिला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलं. मी होकार दिला.

त्याच आठवड्यात संशोधकांची टीम आली. माळाजवळ विजेच्या तारा नाहीत, म्हणून त्यांना तो हवा होता. सूर्याकडून, दूरच्या विजांमधून लहरी येतात, जमिनीत शिरतात. त्या मोजल्या की खोलवरचा खडक वीज किती वाहून नेतो ते कळतं, असं त्यांच्यातल्या रेवतीनं सांगितलं. त्यांनी खड्ड्यांत मिठाचा चिखल ओतला आणि अक्का कडाडली, "पावणं, रानात मीठ घालताय व्हय?"

"थोडंसंच, आजी. जमिनीशी संपर्क नीट व्हावा म्हणून."

"मग हळद-मोहरी बी घाला की! लोणचंच हुदे!"

लहरी टिपणारं मशीन सुरू झालं. अक्का लांब बांधावर अनवाणी बसली. मधूनच म्हणायची, "आली..." मी प्रत्येक वेळ घड्याळ बघून वहीत लिहिली — अक्काला भास होतात याचा सुभाषला पुरावा द्यायला. अकरा नोंदी.

दुसऱ्या दिवशी रेवतीनं त्या मशीनच्या रेकॉर्डशी ताडून बघितल्या. अकराही ठिकाणी रेघ उसळली होती! ती हसली, "आजींनी पाय आपटला असेल. मशीनची जमिनीत पुरलेली कॉइल हलते." मला हायसं वाटलं.

पण तुलनेसाठी त्यांचं दुसरं मशीन चाळीस किलोमीटरवर चालू होतं. तिनं तेही रेकॉर्ड उघडलं. तिथंही त्याच अकरा क्षणी रेघ उसळलेली...

रेवतीनं अकराही वेळा पुन्हा ताडून बघितल्या. मग बूट काढून अक्काशेजारी जाऊन बसली. मीही चपला काढल्या.

"कळंना व्हय?" अक्का म्हणाली. "गप बसा. यील."

मला फक्त तापलेली माती लागली. पण त्या मातीखाली केवढं काय चाललंय, या विचारानं मी पाय उचललेच नाहीत.

अक्काला कुठं न्यायचं नाही, असं मी सांगितलं तेव्हा सुभाष म्हणाला, "काकू, तूच तर हो म्हणालीस!"

"म्हणाले. चुकले," मी म्हटलं आणि वही त्याच्यापुढे ठेवली.

डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्यात. अक्का तिच्या घरीच आहे.