खंडेनवमीच्या पाटावरची आर

एखाद्या शब्दाचा अर्थ नीट लागला नाही की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. आई याला रिकामटेकडा उद्योग म्हणायची. पण यंदाचा उद्योग बाबांनीच माझ्या गळ्यात घातला.

आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर विळी, सुरी, बाबांचा पेचकस आणि हल्ली माझा लॅपटॉपसुद्धा मांडतात. मधोमध मात्र वीतभर लांबीची, काळपट, टोकदार लोखंडी वस्तू असते. तिला पहिलं कुंकू. घरात तिला ‘आर’ म्हणतात. आर म्हणजे पणजोबांच्या भाल्याचं टोक, आणि पणजोबा म्हणजे संस्थानच्या फौजेतले भालाईत, हे मी बोलायला लागल्यापासून ऐकत आले. लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले की पोह्यांच्या बशांमागोमाग हा भालाही बाहेर यायचा.

दसरा झाला आणि आमच्या इंदूरच्या मराठी समाजाच्या मंडळाने इथल्या लालबागच्या मैदानावर जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. बाबांनी सगळ्यांत आधी नाव नोंदवलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस नवा कुर्ता शिवून घेतो म्हणजे काय ते समजा. वस्तूशेजारी ठेवायचं कार्ड मी लिहायचं होतं, कारण माझं अक्षर बरं.

दोन ओळी शब्दाबद्दलही घालाव्यात म्हणून मी जुना कोश उघडला आणि फसले. बैल हाकायच्या पराणीला बसवतात तो खिळा म्हणजे आर. भोवऱ्याच्या बुडाचं टोक तेही आर. चामडं टोचून शिवायचं हत्यार, त्याला आर म्हणतात, आरीही म्हणतात. मूळ संस्कृत ‘आरा’, आणि तिथेही अर्थ चामडं टोचायचं हत्यार हाच. भाला कुठेच नव्हता. इंदूरच्या दुकानात आरी मागितली की करवत हातात देतात, कारण हिंदीतली आरी तीच; टोचायची आरी इथे सहसा कानावर पडत नाही, त्यामुळे आमच्या घरात हा शब्द कुणी कधी तपासलाच नसावा.

शब्दाला काय, तो कुठेही भटकतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी आर रुमालात गुंडाळून मी ऑफिसला नेली. तुकोगंजात आमच्या इमारतीखाली एक म्हातारे मोची बसतात. त्यांनी ती वस्तू बोटांत फिरवली, नखाने टोकाजवळचं वाळलेलं कुंकू खरवडलं आणि मला एक बारीक खाच दाखवली. धागा या खाचेत अडकवून चामड्यातून ओढतात.

“जीन सीने का औजार है, दीदी,” ते म्हणाले. “चप्पल के लिए तो लंबा पड़ेगा. हत्था निकल गया इसका.”

हत्था म्हणजे लाकडी मूठ गेलेली, म्हणून ती भाल्याच्या टोकासारखी दिसायची; पण भाल्याला खाच कशाला हवी? इतकी वर्षं मी स्वतः त्या खाचेत कुंकू भरत आले होते. म्हणजे पणजोबा पागेत घोड्यांची जीनं, खोगिरं शिवत होते. मला त्याची लाज वाटली नाही, पण बाबांची धास्ती वाटली. सांगितलं तर त्यांचा कुर्ता घडीतच राहणार. नाही सांगितलं तर मैदानावर कुणीतरी जाणता माणूस चारचौघांत ती खाच दाखवणार, आणि तेव्हा बाबा एकटे उभे असणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी कार्डं लिहून फाडत राहिले, दोनदा चहा उतू घालवला आणि कारण नसताना बाबांवर खेकसले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटी मी आर त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगून टाकलं, की ही भाल्याची नाही, जीन शिवायची आहे. त्यांनी पेपर खाली केला आणि कोण म्हणालं ते विचारलं. मी कोश सांगितला, मोची सांगितले, खाच दाखवली. खाचेकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“मला मालूम आहे,” ते म्हणाले. “भाला मीच म्हटलं होतं.”

तेव्हा ते आठ वर्षांचे होते. खंडेनवमीला शाळेतले दोस्त घरी आले होते. त्यांच्याकडे कुणाच्या पाटावर तलवार, कुणाच्या कट्यार. आमच्या पाटावर कडेला आर होती. एकाने विचारलं हे काय, आणि बाबा बोलून गेले. त्यांचे आजोबा तिथेच बसले होते.

त्यांनी ऐकलं का, असं मी विचारलं.

“ऐकलं ना. दोस्त गेले, मग त्यांनी आरीचा हत्था काढला आणि ती बीचोबीच ठेवली. फिर कधी हातात घेतली नाही.” बाबांनी पेपरची घडी घातली. “पुढच्या महिन्यात माझ्या शाळेच्या बस्त्याचा पट्टा तुटला. सगळी उमर चामडं शिवलेला माणूस, तो पट्टा बाहेरून शिवून घेऊन आला. मला एक शब्द नाही बोलले.”

माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना. मी कोरं कार्ड पुढे ओढलं.

“लिही,” ते म्हणाले. “जीन शिवायची आर. त्यांचं नाव मोठ्या अक्षरात. आणि भाला कोणी म्हटलं तेही लिही. तिथे माझं नाव घाल.”