दरीतलं आडनाव

मांगासी हुतालोम्बांग हा माझा मामा, माझ्या आईचा एकुलता एक भाऊ. आमच्या बाताक मुलखात दोन अनोळखी माणसं भेटली की आधी आडनाव विचारतात, ख्यालीखुशाली नंतर. आडनाव कळलं की कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाचा व्याही, कोणी कोणाला मान द्यायचा, सगळं जागच्या जागी ठरतं. मामाचं आडनाव ऐकलं की मात्र समोरचा कोड्यात पडायचा. बालिगेच्या बाजारात एका म्हशींच्या व्यापाऱ्यानं तर तोंडावर विचारलं होतं, "हे आडनाव आहे की आजार?" मामा हसला. त्याला माडी पाजली आणि बसवून सगळी कहाणी ऐकवली. व्यापाऱ्याची म्हैस त्या दिवशी विकायची राहिली ती राहिलीच.

कहाणी अशी. वर डोंगरावर पार्दोलोक भाऊ राहत. त्यांतल्या धाकट्याच्या बायकोला देवी आल्या. तेव्हा देवी म्हणजे गावच्या गाव साफ. थोरल्या भावांनी नवराबायकोला दरीत उतरवलं आणि वर यायच्या वाटेवर काटे रचले. बायको तिथंच बाळंत झाली आणि मेली. पोर जगलं. रोग सरल्यावर भाऊ कड्यावर उभे राहून हाका मारू लागले, की ये आता वर. खालून तो म्हणाला, मी दरीचा. हुता म्हणजे गाव आणि लोम्बांग म्हणजे दरी. झालं आडनाव.

दरीतल्या लोकांना पिढीला एखाददुसराच मुलगा. मामाच्या वेळेपर्यंत सगळे हुतालोम्बांग एका चटईवर मावायचे, तेही पाय पसरून. मग एकेक करत गेले. मामाचा चुलता निपुत्रिक गेला. मामाला एकच मुलगी, लास्मा. दत्तक घ्यावं म्हणावं, तर दत्तकाला भाऊबंदांची संमती लागते, आणि भाऊबंद आणायचे कुठून? आमच्यात निर्वंश जाण्याइतकी वाईट शिवी नाही. मामा ती शिवी अंगावर घेऊन हिंडत होता आणि वर हसत होता.

खरी गाठ पडली ती लास्माच्या लग्नात. आमच्याकडे कार्य चुलीसारखं तीन दगडांवर उभं राहतं. मुलगी देणारे, मुलगी नेणारे आणि आपले भाऊबंद. माझ्या बापानं मामाची बहीण नेली, म्हणून मी नेणाऱ्यांतला. आमचं काम काय, तर पाणी भरा, डुक्कर कापा, भात वाढा. मामाच्या दारात जन्मभर मी तेच केलं. पण त्याच्या शेजारी भाऊबंद म्हणून बसायचं? मेलो असतो तरी ते जमलं नसतं. रक्ताचा असून मी त्या जागेला परका. असल्या रिवाजाला काय जाळायचंय, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

मुलाकडचे लोक चांगले होते, पण रीतीचे पक्के. बोलणी करायला आले. मामा एकटा बसलेला, बाजूला मी नुसता चहा आणून देतोय. त्यांच्यातला म्हातारा इकडेतिकडे बघून म्हणाला, "आम्ही बोलायचं कोणाशी? चटईशी?" सगळे हसले. मामाही हसला. मामी मात्र चुलीपुढून उठलीच नाही.

भाऊबंदांनी मुलाकडून येणाऱ्या देजातले मानाचे वाटे घेतल्याशिवाय आमच्यात लग्न लागलं असं कोणी मानत नाही. चर्चमध्ये लागलं तरी लोक म्हणणार, पळून गेली. तेव्हा गावातल्या जाणत्यांनी तोड काढली, की पार्दोलोकांना बोलाव, मुळात एकाच बापाचे तुम्ही. मी मामाला मोटारसायकलवर बसवून बालिगेला नेलं. पार्दोलोकांचा पुढारी जाहोत्मा, मोठा माणूस, तीन मजली घर. त्यानं गोड बोलून बसवलं, मासळीचं कालवण वाढलं आणि मग अट सांगितली. पंचवीस काय, पन्नास माणसं आणतो म्हणाला. पण लास्मा पार्दोलोकांची लेक म्हणून जाईल, आणि सगळ्यांसमोर मामानं उभं राहून म्हणायचं, की दरीतलं नाव आम्ही सोडलं. दोन नावं कशाला ठेवायची घरात?

परत येताना मामा वाटेत कड्यापाशी उतरला. खाली बघत उभा राहिला. मला वाटलं, आता शिव्या घालेल. तो येऊन गाडीवर बसला.

घरी लास्मानं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, नकोच मला लग्न. मी राहते इथंच, तुमच्या नावाची."

"नाव काय, माझ्याबरोबर जाणारच आहे," मामा म्हणाला. "तू मागे राहणार आहेस."

लग्न दणक्यात झालं. पार्दोलोक तीन बसगाड्या भरून आले, मानाच्या जागी बसले, वाटे घेतले. मी घामाघूम होऊन वाढत होतो. मामा उभा राहिला. ठरलं होतं तेवढंच त्यानं म्हटलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. टाळ्या पडल्या. मग पिढ्या मोजल्या गेल्या. धाकट्याचा वंश, म्हणून मामा सगळ्यांत खालचा निघाला. मिसरूडही न फुटलेल्या एका पार्दोलोकाला त्यानं 'दादा' म्हणायचं ठरलं. त्यानं म्हटलं. माझ्या हातात भाताचं टोपलं होतं, ते त्या पोराच्या डोक्यावर उपडं करावं असं वाटत होतं.

त्यानंतर मामा माडीच्या दुकानात जायचा बंद झाला. कारण गेला की लोक थट्टा करायचे, "या पार्दोलोक, डोंगरावर काय म्हणतात?" थट्टाच ती, वाईट मनानं नव्हे. कोणी नवखा आला आणि आडनाव विचारलं, तर मामा म्हणायचा, "असंच काहीतरी." कहाणी त्यानं पुन्हा कोणाला सांगितली नाही. एकदा मी मुद्दाम विषय काढला, तर म्हणाला, "भाच्या, आता ती माझी राहिली नाही." मला फार राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना.

पुढच्या भातकापणीला मामा गेला. तापाचं निमित्त. मी बालिगेला निरोप घेऊन धावलो. प्रेत उचलण्याआधी मयताच्या वतीनं भाऊबंदानं बोलावं लागतं. जाहोत्माकडे त्याच दिवशी त्यांच्यातल्या कोणा बड्याचं मयत होतं, म्हैस कापायची होती. त्यानं हळहळ केली. माणूस पाठवतो, म्हणाला.

आम्ही वाट बघत बसलो. ऊन चढलं. अंगणात पेटी, पेटीशी मामी आणि लास्मा, आणि भाऊबंदांची चटई अंथरलेली, कोरी. दुपार कलल्यावर एकजण आला, बाजारात कापड विकणारा. आल्या आल्या त्यानं परतीच्या बसची वेळ विचारली.

बोलायला मात्र तो तयार होता. पार्दोलोक कुळ किती मोठं, किती चर्चं बांधली, किती शिकले, सगळं सांगितलं. शेवटी पेटीकडे हात करून म्हणाला, असा हा आमचा भाऊ मानासे पार्दोलोक आज डोंगरावरच्या आपल्या पूर्वजांकडे निघाला.

लास्मा उठली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या बापाचं नाव मांगासी," ती म्हणाली. "मांगासी हुतालोम्बांग."

कापडवाला गोंधळून आमच्या गावच्या जाणत्या म्हाताऱ्याकडे बघू लागला. म्हातारा मामाचा लहानपणापासूनचा सोबती, सकाळपासून डोळे पुसत बसलेला. तो लास्माजवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मांगासी खरं, पोरी. पण दुसरं म्हणू नकोस. ते त्यानं सोडलं, सगळ्यांदेखत. तुझ्याच लग्नात."

लास्मा खाली बसली. मी भात वाढायला घेतला.