ब्रेकमास्तरांची गाडी

त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर त्यांची उभी हयात गेली होती. त्या सीटसमोर ना स्टिअरिंग, ना अ‍ॅक्सिलरेटर. पायाखाली फक्त एक जादाचा ब्रेक. शिकणारा चुकला की मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर पडायचा. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली, म्हणजे खरं सांगायचं तर अर्ध्या शहराला वेळेवर थांबवलं. घरी जेवताना बायकोने पाण्याचा जग जरा जोरात सरकवला, तरी टेबलाखाली त्यांचा पाय फरशी दाबायचा.

अशा माणसाला वेगाचं वेड असावं, ही देवाने केलेली चेष्टाच म्हणायची. तरुणपणापासून त्यांच्या मनात एकच गाडी होती. दिसायला साधी, बाजारहाटाची, छोटी पाच दारांची. पण बॉनेटखाली मोठ्या गाड्यांना मागे टाकणारं इंजिन. आज घेऊ, उद्या घेऊ करता करता मुलगी नोकरीला लागली, केस पिकले, आणि आता घ्यायचीच असं ठरवून आठ महिने घोळ घालताहेत तोवर कंपनीने हे मॉडेल बंद करत असल्याचं जाहीर केलं. येत्या शनिवारपर्यंत जे बुकिंग करतील त्यांनाच शेवटच्या गाड्या मिळणार होत्या. हुकलं, तर मास्तरांना छतावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावलेल्या गाडीतूनच निवृत्त व्हावं लागणार होतं.

बरं, एवढं असूनही माणूस अडून बसावा कशावर? तर पेट्रोल की डिझेल यावर!

मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, डिझेल. डोळे झाकून. अगदी कमी वेगापासून ओढते." हा मेव्हणा आयुष्यभर बसने फिरला; उंटावरून शेळ्या हाकणं हा त्याचा जुना धंदा. स्कूलच्या गाड्या बघणारा मेकॅनिक म्हणाला, "मास्तर, तुमचं जाणं-येणं घर ते स्कूल. डिझेलला अधूनमधून लांब पळवावं लागतं, नाहीतर धुराच्या नळीतली जाळी काजळीने तुंबते. पेट्रोल घ्या, मोकळं पळतं." मास्तरांना दोघांचंही पटलं. हीच तर त्यांची अडचण होती. त्यांना कोणाचंही पटायचं.

वर त्या जादाच्या वस्तू. इंजिनाची ताकद वाढवून मिळत होती, पण मग गिअरबॉक्सवर ताण आला तर? सस्पेन्शन कडक करून मिळत होतं, पण बायकोची कंबर? सायलेन्सर दमदार आवाजाचा मिळत होता, पण खालच्या मजल्यावरचे आजोबा? सबंध यादीत त्यांनी न अडखळता पसंत केलेली वस्तू एकच, मोठे ब्रेक.

बायकोचं शिवणकामाचं दुकान होतं. दिवसभर मापं, चुका, उसवणं, आणि घरी आल्यावर हे पुराण. आठ महिने तिने ऐकून घेतलं. मग एका रात्री ताट बाजूला सारून म्हणाली, "अहो, माझ्याकडे गिऱ्हाईक दोन कापडं घेऊन येतं आणि ठरवता येत नाही म्हणतं. मी दोन्ही अंगावर टाकून आरशासमोर उभं करते. मिनिटात कळतं. तुम्ही चालवून बघा की."

"चालवून बघितल्यात. दोन-दोनदा."

"मग?"

"मग काय? सारख्याच आहेत," मास्तर वैतागून म्हणाले. "आवाज तेवढा वेगळा. लोक काय वाट्टेल ते लिहितात. पेट्रोल म्हणे उसळतं, डिझेल म्हणे पाठीत ढकलतं. मला तर कोणी ढकललं नाही."

त्यांचा राग खरा होता. जन्मभर ज्याची आस धरली, ते समोर आल्यावर काहीच वाटू नये? रात्री कूस बदलताना त्यांना वाटायचं, आपलं वय तर झालं नाही? की गाडीत कधी काही नव्हतंच, आणि आपण उगाच मनात मांडे खात बसलो?

शुक्रवारी ते पुन्हा शोरूममध्ये गेले. तिथली विक्रेती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. बिचारी इतके दिवस भीड म्हणून गप्प होती. ते तिला शेजारी बसवून डिझेलची चक्कर मारून आले आणि नेहमीसारखे म्हणाले, "काही फरक नाही." तेव्हा तिच्याने राहवलं नाही.

"मास्तर, रागावणार नसाल तर बोलते. तुम्ही कुठलीच गाडी अजून चालवलेली नाही."

"म्हणजे?"

"तिसऱ्या गिअरच्या पुढे गेला नाहीत. समोर रस्ता मोकळा होता, तरी मागच्या रिक्षाला पुढे जाऊ दिलंत. त्या चौकात मला आरसा कधी बघायचा ते समजावून सांगितलंत. आणि पाचही वेळा निघायच्या आधी माझ्या पायाशी वाकून बघितलंत. तिथे काय शोधता?"

काय शोधतो ते मास्तरांना त्याच क्षणी कळलं. तिच्या पायाखाली ते ब्रेक शोधत होते.

घरी येऊन त्यांनी चिडचिड केली. चप्पल भिरकावली, मुलीचा फोन घेतला नाही, मेव्हण्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्याचा यात काडीचा संबंध नव्हता. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती हसली नाही. म्हणाली, "उद्या दुकान बंद ठेवते. मी येते."

शनिवारी विक्रेतीने पेट्रोलची किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आज तुम्ही दोघंच जा."

शहराबाहेर गोदामांच्या मागून एक सरळ रस्ता जात होता. गोदामांना शनिवारची सुट्टी, त्यामुळे ट्रक नव्हते. मास्तरांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये घेतली, पाय थोडा दाबला आणि उचलला. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. गाडी उचक्या लागल्यासारखी पुढे जाऊ लागली. पहिल्या दिवशीचा विद्यार्थी याहून बरी चालवतो. शेवटी त्यांनी ती कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात आपटला.

"नाही जमत. पाय जातच नाही. सोड, आपल्या नशिबात नाही ही गाडी."

"कशाची भीती वाटते?"

"मी शिकवतो तेव्हा त्या पोरांच्या शेजारी मी असतो. त्यांचं चुकलं तर मी थांबवतो. माझं चुकलं तर? तुझ्या बाजूला ब्रेक आहे का?"

बायकोने आपल्या पायांकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"लग्न झाल्यापासून मी बिनब्रेकच्या बाजूलाच बसलेय," ती म्हणाली. "तुम्ही तीनदा स्कूलमधली नोकरी सोडलीत, तेव्हा कुठे होता ब्रेक? चला. रस्ता मोकळा आहे."

मास्तरांनी आरसा बघितला, सिग्नल दिला, कारण सवय ती सवय. गाडी रस्त्यावर घेतली आणि पाय दाबला. उचलावासा वाटला, उचलला नाही. इंजिनाचा आवाज चढत गेला, अजून चढला, आणि जिथे तो संपेल असं त्यांना वाटत होतं तिथून गाडी खरी उसळली. पाठ सीटला चिकटली. बायकोने दारावरची आधाराची मूठ घट्ट धरली होती, डोळे मिटले होते, आणि ती हसत होती. रस्ता सरळच होता, पुढे वळण दिसताच मास्तरांनी वेग उतरवला.

"पेट्रोल," ते म्हणाले. आठ महिन्यांचा प्रश्न एवढ्यात सुटला याचा त्यांना आनंद झाला, आणि त्याहून जास्त संताप आला.

शोरूममध्ये परत आले तर विक्रेतीचा चेहरा उतरलेला. शेवटची पेट्रोल गाडी मधल्या वेळात फोनवरून कोणीतरी बुक केली होती. डिझेल एक शिल्लक होती, सगळ्या जादाच्या वस्तूंसकट.

मास्तर मटकन खुर्चीत बसले. चूक कोणाची होती? रागवावं तर कोणावर?

"आणि आम्ही चालवली ती?" बायकोने विचारलं.

"ती डेमोची गाडी. ती विकता येईल," विक्रेती चाचरत म्हणाली. "पण काकू, ती शंभर जणांनी पिदडलेली आहे. आणि तिला जादाचं काहीच नाही. मास्तर, तिचे ब्रेकसुद्धा साधेच आहेत."

मास्तरांनी तोंड उघडलं. विचार करून सांगतो, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती नुसती पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली.

"चालतील," ते म्हणाले. "तीच द्या."