मेनस्विच दाराशी हवा

राजापूरच्या डेपोत माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे माझी पुतणी होती, सुनंदा. "काका, आई गेली," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो... बरं! कित्येक महिने दर रविवारी रत्नागिरीची एसटी पकडायची, हॉस्पिटलात वहिनीच्या उशाशी बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, असं चाललं होतं. पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलेलं होतं. आम्हांला ते माहीत होतं, तिलाही. त्यामुळे फोन ठेवल्यावर रडू आलं नाही, फक्त फार दमल्यासारखं वाटलं. आता महिना उलटून गेला, तरी ते दमणं अंगातून गेलेलं नाही.

निर्मलावहिनी माझ्या थोरल्या भावाची, वसंतदादाची बायको. आमचं घर रत्नागिरीहून पूर्णगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दादा आधी टॅक्सी चालवायचा. पाठीच्या दुखण्याने ती विकली आणि रिकाम्या गॅरेजात त्याने विहिरींवरचे पंप दुरुस्त करायला सुरुवात केली. जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरायची, तर ती गुंडाळण्याचं काम वहिनी ओटीवर बसून करायची. वीज घेतली होती घरातूनच. खिडकीतून एक वायर बाहेर काढलेली, वाशांवरून लोंबत गॅरेजात आलेली, तिच्यावरच बल्ब आणि तिच्यावरच ड्रिल मशीन. अर्थिंग वगैरे काही नाही, दोन पिनांचा प्लग. तेव्हा सगळेच असं करत.

श्रावणातली दुपार होती. जमीन ओलसर. दादा ड्रिलला चिकटला, तो वहिनीच्या डोळ्यांसमोर. मेनस्विच होता घरात, माजघराच्या भिंतीवर, उंच. वहिनी अंगण ओलांडून, ओटीवरून माजघरात धावली, स्टूल ओढलं, दांडी खाली केली आणि पुन्हा धावत आली. तोवर दादा खाली पडला होता... संपलं होतं सगळं.

गॅरेजला कुलूप लागलं. मशीनं विकून टाका, असं तिच्या माहेरचे म्हणाले, मीही म्हणालो. दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा चहाचा कप हातात देताना ती म्हणाली, "भावोजी, एखादा चांगला वायरमन बघा."

मी चिडलो. "परत त्या खोलीत जायचंय? सुनंदाकडे तरी बघा जरा."

"तिच्याकडेच बघत्येय. मला दुसरं काय येतं? तार गुंडाळता येते. आणि ह्यांना मशीनने नाय मारलं भावोजी, त्या वायरीने मारलं."

पूर्णगडच्या गफूरचाचांना मी घेऊन आलो. त्यांचा जन्म बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून गेला होता, दादाच्या ओळखीचे होते. कुलूप उघडलं तेव्हा आत कोंदट वास मारत होता. वहिनी उंबऱ्यावर थोडी थांबली, मग पदर खोचून आत आली. चाचा खिशातून खडू काढून विचारू लागले की मशीन कुठे, टेबल कुठे. ती म्हणाली, "ते मागाहून. आधी मेनस्विच. तो दाराशी हवा, चाचा. बाहेर उभं राहूनसुद्धा हात पोचला पाहिजे. कुणाचाही." चाचांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दाराच्या बाजूला भिंतीवर खडूने चौकोन काढला.

मग मात्र दोघं रंगलीच. मीटरपासून गॅरेजला स्वतंत्र लाइन. दिव्यांचा फ्यूज वेगळा, मशीनचा वेगळा, म्हणजे मशीनचा उडाला तरी काळोख होणार नाही आणि फिरतं पातं डोळ्यांना दिसत राहील. खोलीत ट्यूबलाइट चालेल, पण धार लावायच्या ग्राइंडरवर साधा बल्बच, चाचा म्हणाले, ट्यूबच्या उजेडात फिरतं चाक कधीकधी थांबल्यासारखं दिसतं आणि माणूस हात घालतो. वहिनीने ते वाक्य त्यांच्याकडून परत वदवून घेतलं. खारी हवा म्हणून स्क्रू पितळेचे. तार गुंडाळायच्या टेबलावर दिवा कुठे यावा, यावर तर अर्धी सकाळ गेली. ती टेबलाशी बसली आणि मी टॉर्च धरून उभा. "अजून डावीकडे... थोडा खाली... हं, आता माझ्या हाताची सावली पडत नाय." माझा हात भरून आला होता. अर्थिंगला ओली जमीन लागते, त्या खड्ड्याने सगळ्यांचा अंत पाहिला. आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा लागतो आणि उन्हाळ्यात तो हाडासारखा कोरडा पडतो. शेवटी न्हाणीघरामागे, जिथे सांडपाण्याने कायम ओल असते, तिथे पहारीने खड्डा पाडला, पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ थरांनी भरलं.

या सगळ्या काळात सुनंदा अंगणात यायची नाही. तेव्हा ती शाळकरी होती. "परत वीज आणतेस तिथे?" एवढं तिने आईला विचारलं होतं, आणि मग किती दिवस धड बोलली नव्हती.

काम पुरं झालं तेव्हा चाचा म्हणाले, "बिटिया, पहिलं बटन मी दाबतो." वहिनी म्हणाली, "नको. उद्यापासून मला एकटीलाच दाबायचंय." रबराच्या चटईवर उभी राहिली. बटनाकडे नेलेला हात तिने एकदा खाली घेतला, पदराला पुसला... आणि ड्रिल चालू केलं. ते फिरत राहिलं. ती तशीच बघत उभी. मग बंद केलं आणि म्हणाली, "चहा टाकते."

त्यानंतर आसपासच्या गावांतले पंप तिच्याकडे येऊ लागले. बाईमाणसाकडे मोटार द्यायला आधी लोक बिचकले, मग सवय झाली. दिवसाउजेडी आई तार ओटीवर गुंडाळायची, तेव्हा सुनंदाही तिच्याबरोबर बसायची, आई गिऱ्हाइकांना काय काय विचारते ते ऐकून ऐकून तिला बिघाड कळायलाही लागला, पण गॅरेजच्या आत तिने पाऊल टाकलं नाही. आई आत मशीनवर असली की ही बाहेर पायरीवर पुस्तक घेऊन बसायची, मेनस्विचपासून हातभर अंतरावर. कॉलेजात गेली तरी तेच. पुस्तकाचं पान फारसं उलटायचं नाही.

हॉस्पिटलातल्या शेवटच्या रविवारी वहिनीच्या अंगात फार बोलायचं त्राण नव्हतं. वर छताला एक ट्यूबलाइट लुकलुकत होती. बराच वेळ त्या ट्यूबकडे बघून वहिनी म्हणाली, "चोक गेलाय हिचा." मी हसलो. तीही हसली असावी. मग डोळे मिटून म्हणाली, "भावोजी, दमलात तुम्ही. जा आता, गाडी चुकेल." तेच शेवटचं.

दिवसकार्य उरकून पाहुणे पांगले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावचे एक बागायतदार आले. एसटीच्या टपावरून पंप उतरवून, डोक्यावर घेऊन. त्यांना काही कळलंच नव्हतं. मी सांगितलं तसे ते पंप खाली ठेवून गॅरेजच्या पायरीवर बसले. "माझ्या विहिरीची मोटार वैनीच बघायची," म्हणाले. "आता ह्यां धूड घेवन मी जाऊ खय?" मी त्यांना रत्नागिरीतली दुकानं सांगू लागलो. सुनंदा ओटीवरून खाली आली.

"ठेवा ती," ती म्हणाली. "वेळ लागेल मला. पण ठेवा."

तिने गॅरेजचं दार उघडलं. पंप एका बाजूने त्यांनी उचलला, दुसऱ्या बाजूने तिने, आणि दोघं उंबरा ओलांडून आत गेली. मी पायरीवर बसलो, मेनस्विचच्या बाजूला. आत टेबलावर पंप ठेवल्याचा आवाज झाला. आणि मग सुनंदा त्यांना विचारताना ऐकू आली, "बंद पडायच्या आधी आवाज कसला येत होता?"