घेणारं माणूस येईपर्यंत

घर सोडलं त्या दिवशी माझी पत्र्याची ट्रंक बाबांच्या डोक्यावर होती आणि माझ्या हातात नुसती छत्री. कॉलेजात जाणाऱ्या पोरानं ओझं उचलायचं नसतं, असा नियम बाबांनी परस्पर करून टाकला होता. बांधाबांधानं आम्ही भिवपुरीच्या स्टेशनाकडे निघालो. डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे जाडजूड नळ दिसत होते आणि तिथून निघालेल्या तारा आमच्या डोक्यावरून मुंबईकडे चालल्या होत्या. आमच्या घरात तेव्हा रॉकेलची चिमणी. "तुज्या आदी ही गेली मुंबैला," बाबा तारांकडे बघून म्हणाले. गाडी हलली तेव्हा शिक्षणाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. खिडकीबरोबर चालत एवढंच म्हणाले, "माघात पहारा हाय रं आपला. इसरू नको."

गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या गाव सोडलेल्यांना पहारा म्हणजे काय ते सांगायला नको. पण आपली नातवंडंही हे वाचतील, म्हणून सांगतो. भात झोडून कणग्या भरल्या की माघात देवळात सप्ताह बसायचा. सात दिवस वीणा वाजती राहायची आणि ती जमिनीला टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की थेट दुसऱ्याच्या गळ्यात. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडायचा, घेणारा देणाऱ्याच्या, आणि तिथं वय बघत नसत. प्रत्येक घराचा पहारा ठरलेला. आमचा दुपारचा, जेवणानंतर डोळे मिटायला लावणारा. आजोबांपासून तो एकदाही चुकला नव्हता. बाबांना जगात तेवढाच एक गर्व होता.

दुसरी मोठी लढाई नुकती संपली होती. मुंबईत सकाळी मी एका खानावळीत पाट मांडायचो, वाढायचो आणि तिथंच जेवायचो. मग इंटर सायन्सचे तास, प्रयोगशाळा आणि संध्याकाळी गायनवर्ग. एक ना धड, भाराभर चिंध्या. माझ्या फिजिक्सच्या पुस्तकावर आमटीचे डाग होते आणि वाढताना मी पंक्तीत ताल मोजायचो. तरी पहिल्यांदा विजेच्या दिव्याखाली वाचायला बसलो ती संध्याकाळ आठवते. पुस्तक उघडलंच नाही, दिव्याकडेच बघत राहिलो. ही आपल्या डोंगराची वीज, आपल्या डोक्यावरून आलेली! शेजारच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग बिल तुझ्याच नावावर लावू का?"

गायनवर्गात पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. वर्ग सुटला आणि गुरुजींनी "धर जरा" म्हणून तंबोरा माझ्या हातात दिला. कोणी बोलवायला आलं, ते बाहेर गेले. मुलं पांगली. मी तंबोरा छातीशी धरून उभा. हात भरून आले, पण खाली ठेवायची छाती होईना. बऱ्याच वेळानं गुरुजी परतले आणि दारातच थबकले.

"अरे, खाली का नाही ठेवलास?"

"घेणारं कोणी नव्हतं, गुरुजी."

ते पोट धरून हसले. मग त्यांनी गावाची चौकशी केली, वीणेची हकिकत ऐकली आणि हसायचे थांबले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाले, "वर्गाच्या गॅदरिंगला माझ्यामागे तंबोऱ्यावर हा बसेल." तंबोऱ्याचा भोपळा बैठकीत खुशाल जमिनीला टेकतो, हे पचायला मात्र मला महिना लागला.

एका संध्याकाळी तंबोरा असा जुळला की तारांमधून गंधार ऐकू यायला लागला. गंधाराची तार त्यात नसतेच. मी चार तारा छेडत होतो आणि पाचवंच कोणी गात होतं. "तो आपोआप येतो," गुरुजी म्हणाले, "बोलवायचा नसतो." त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत सोनोमीटरची तार ताणून प्रोफेसरांनी शिकवलं की एका तारेच्या पोटात तिचेच बारीक स्वर दडलेले असतात. या दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती आणि दोघं मला एकच गोष्ट सांगत होते. त्या दिवसांत मी रस्त्यानं चालताना आपल्याशीच हसत असे.

आणि माघ आला. सगळं एकाच शनिवारी जमून आलं, सकाळी सोनोमीटरचीच प्रॅक्टिकल परीक्षा, संध्याकाळी गॅदरिंग आणि मध्ये, दुपारी, पहारा. गावाहून आलेल्या भाजीवाल्यानं निरोप दिला होता, "तुजा बाप तापानं फनफनलाय. पहाऱ्याला तूच ये." परीक्षा सोडावी तर वर्ष बुडणार, गॅदरिंग सोडावं तर गुरुजींना तोंड कसं दाखवू? आणि पहारा चुकला तर बाबा मला बोलणार नाहीत, पण देवळात पुन्हा मान वर करून जाणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तारेचे आकडे कसेबसे उतरवून मी स्टेशनावर पळालो. हिशेब जुळत होता. पण कल्याणला गाडी जी अडकली ती हलेचना. पहाऱ्याला उभं राहायची वेळ मी तिथं डब्यात बसून गेलेली पाहिली.

भिवपुरीला उतरल्यावर धावत सुटलो तो आधी घर लागलं. बाबा पडवीत दोन गोधड्यांखाली कुडकुडत होते. देवळातून वीणेचा आवाज येत होता.

"कोन हुबं हाय रं?" त्यांनी मलाच विचारलं.

"बघतो," म्हणालो आणि पळालो. वाटलं, शेजारच्या घरानं घेतला आपला पहारा. संपलं.

देवळात खांबाशी आई उभी होती. आमच्या गावात तोवर बाईच्या गळ्यात वीणा कोणी पाहिली नव्हती. पदर खोचलेला, डोळे मिटलेले, बोटं तारेवर. तिला वाजवायला कोणी शिकवलं? कोणीच नाही. इतकी वर्षं बायकांच्या बाजूला बसून तिनं ते नुसतं पाहिलं होतं. मागाहून कळलं की आधीच्या पहाऱ्याचे दामूतात्या वीणा गळ्यात घेऊन ताटकळले होते. चारदोन जण कुरकुरले, "बाईमानूस कसं?" तेव्हा आई म्हणाली, "पहारा घराचा हाय. मी घरातली नाय का?" तात्यांनी मुकाट्यानं तिच्या पाया पडून वीणा तिच्या गळ्यात घातली.

मी समोर गेलो. तिनं डोळे उघडले, वीणा माझ्या गळ्यात घातली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. माझी आई! मी पाय मागे घेतले तशी ती दटावून म्हणाली, "हुबा ऱ्हा. तुज्या नाय पडत मी." मग मी तिच्या पाया पडलो. असं भरून मला त्याआधी कधी आलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा आलं नाही.

पहाऱ्याचा उरलेला तुकडा मी उभा राहिलो. वीणा पुढच्या घराकडे गेली. गॅदरिंगबद्दल मी चाचरत सांगितलं तर आईनं मला अक्षरशः ढकललं. "जा रं बाबा. थितं बी तुजाच पहारा हाय ना?" जाताना बाबांना सांगितलं, आई उभी होती. ते गोधडीतून म्हणाले, "मला म्हनली व्हती ती. मला वाटलं, तापात ऐकलं." आणि हसायला लागले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी तापावर ढकललं.

पडदा वर जायच्या बेतात असताना मी हॉलवर पोचलो. पायाला आमच्या बांधाची माती होती. दाराशी एक मुलगा माझा तंबोरा छातीशी धरून उभा होता. गुरुजींनीच त्याला तसं बजावलं होतं. मी तंबोरा घेतला आणि त्याच्या पाया पडलो. तो इतका गोंधळला की पळूनच गेला. त्या संध्याकाळी गंधार पहिल्या आवर्तनातच आला.

त्यानंतर मी मुंबईचाच झालो. आता आई-बाबा नाहीत, गावचं घर चुलतभावाकडे आहे, सप्ताह अजून बसतो. आपलं घर कुठलं, असं कोणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायचो, मग दादरचं. हल्ली उत्तर द्यायला वेळ लागतो.

माझी नात माझ्याकडे तंबोरा शिकते. तिच्या हाती तो देताना मी वाकतो, तेव्हा ती ओरडते, "आजोबा, असं काय करता!" मी सांगतो, "उभी राहा. तुझ्या नाही पडत." रियाज संपला की ती तंबोरा छातीशी धरून दारात उभी राहते, मी आतून येऊन घेईपर्यंत. तो खाली ठेवला तरी चालतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.